डबीवरची सुलाबाई

सुलाबाई चालायला शिकली ती मेंढरांच्या मागंच. तिचं माहेर औंधच्या पलीकडं, माण तालुक्यातल्या एका उघड्या माळावर. दिवाळी झाली की वस्तीवरची माणसं घरांना कड्या घालायची, घोड्यावर बिऱ्हाड चढवायची आणि मेंढरं हाकत खाली उतरायची. कृष्णाकाठ, वारणाकाठ, शिराळ्याचे डोंगर. उसाच्या मुलखातले शेतकरी मोकळ्या रानात मेंढरं बसवून घेत. रानाला लेंडीखत मिळे आणि धनगरांच्या मुक्कामाची सोय होई.

शिराळ्याच्या बाजूलाच तिनं ती माशी पहिल्यांदा बघितली. रानातल्या एका जुन्या दगडी तालीच्या, म्हणजे बांधाच्या, फटीतून करंगळीएवढी मेणाची नळी बाहेर आली होती, आणि तिच्या तोंडातून मुंगीएवढ्या काळ्या माश्या आतबाहेर करत होत्या. हातावर बसल्या तरी चावत नव्हत्या. तिच्या बापानं सांगितलं, ही पोयाची माशी, मधमाशीतलीच बारकी जात, हिला नांगीच नसते. म्हणून ती झाडाझाडांचा चीक पायाला चिकटवून आणते, त्यात मेण कालवते आणि घराच्या सगळ्या फटी लिंपून टाकते. घुसायला आलेली मुंगी त्या लिंपणातच अडकून मरते. बापानं एक दगड हलवला, कडेचा काळा चिकट डिंक थोडासा खरवडून घेतला, आणि दगड होता तसा बसवून वरून चिखल थापला.

तो डिंक करडईच्या तेलात मंद आचेवर विरघळवायचा आणि फडक्यातून गाळून घ्यायचा. लोकर कातरताना मेंढराचं कातडं फाटलं की जखमेवर माश्या बसतात, अळ्या पडतात. त्या जखमेला बाप हे काळं मलम लावायचा आणि मेंढरू बरं व्हायचं. त्यातलंच माणसांनाही लागायचं. टाचांच्या भेगा, चुलीवर भाजलेलं बोट, ओल्या रानात चालून कुजलेल्या बोटांच्या बेचक्या. तोंड आलं तर डिंकाची ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी गालात धरायची. मात्र तिच्या थोरल्या आत्यानं एकदा भाजल्यावर हे लावलं आणि तिचा हात कोपरापर्यंत सुजला. तेव्हापासून बापानं नेम घालून दिला होता. आधी कोपराच्या आतल्या बाजूला चिमूटभर लावायचं, दोन दिवस वाट बघायची, कातडं लाल झालं नाही तरच पुढं जायचं. हे समद्यांना मानवत न्हाई, एवढंच तो म्हणायचा.

सुलाबाईचं लग्न विट्याच्या पूर्वेला एका वाडीत झालं. पोरगी मेंढरांतून आली आणि मेंढरांतच पडली. नवरा तरुणपणीच वारला, तेव्हा तिचा मुलगा सिद्धू मेंढरं राखण्याच्या वयाचा झाला होता. त्यानं मेंढरं सांभाळली आणि तिनं घर. बापाची विद्या तिच्या हातात होतीच, त्यामुळं हळूहळू वाडीतली आणि आसपासची माणसं तिच्याकडं भेगा नि भाजल्याची बोटं घेऊन येऊ लागली. ती आधी कोपराला लावून बघायची. जखम खोल असली, किंवा माणसाला साखरेचा आजार असला, तर हात जोडून दवाखान्याची वाट दाखवायची. येणारा परत जाताना मूठभर शेंगा नाहीतर चार कांदे ठेवून जायचा. या कामात तिचा जीव रमत होता. आपल्याला काहीतरी येतं, आणि लोक त्यासाठी आपल्या दारात येतात, ह्यात तिला फार सुख होतं.

मग इंद्रजित आला. इंद्रजित म्हणजे सिद्धूचा मुलगा, तिचा नातू. शेतीची पदविका घेऊन त्यानं मधमाश्यांच्या पेट्या घेतल्या, त्या मोठ्या परदेशी माशीच्या. फुलोऱ्याच्या दिवसांत आटपाडीकडचे डाळिंबवाले त्या पेट्या बागेत ठेवून घेत. एका वर्षी कुणीतरी भर फुलोऱ्यात औषध फवारलं आणि पेट्यांपुढं मेलेल्या माश्यांचे सडे पडले. इंद्रजित जेवायलाही घरात येईना. त्या दिवसांत पेट्या खरवडून धुताना त्याच्या हाताला तो तपकिरी डिंक लागला, जो तो आजवर फेकून देत होता. मोबाईलवर शोधल्यावर त्याला कळलं की बाहेरच्या देशांत ह्याला प्रोपोलिस म्हणतात, आणि जखमा, घसा, हिरड्या ह्यांच्यासाठी त्याची औषधं करतात. तो खडा घेऊन आजीपुढं बसला. सुलाबाईनं तो बोटांत मळला, नाकाशी धरला, आणि म्हणाली, "वास त्योच हाय. जरा पातळ हाय, पर त्योच."

ते दिवस सुलाबाईच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते. नातू तिच्याजवळ बसून शिकत होता. त्यानं पेटीत वरच्या बाजूला बारीक भोकांची प्लॅस्टिकची जाळी बसवली. माशीला भोक दिसलं की ती बुजवणारच, त्यामुळं जाळी महिन्याभरात डिंकानं भरायची. ती फ्रीजमध्ये ठेवली की डिंक चिक्कीसारखा कडक होऊन तडातड सुटायचा. त्यातला काही स्पिरिटमध्ये भिजवून अर्क काढायचा आणि काही तेलात मलमासाठी. आच कधी काढायची हे फक्त सुलाबाईला कळायचं. वास गोड असतो तोवर चालतं, कडवट झाला की डिंक जळाला.

मलम डबीत भरायचं ठरलं तेव्हा विट्याहून फोटोवाला आणला. त्यानं सुलाबाईला लाल नऊवारी नेसायला लावलं, खांद्यावर घोंगडं टाकलं आणि हातात सिद्धूची काठी दिली. हसा म्हणाला. तिला हसू येईना. तेवढ्यात मागं शेळीनं फोटोवाल्याच्या पिशवीत तोंड घातलं आणि ती खुदकन हसली. तेच हसू डबीच्या झाकणावर छापलं गेलं. खाली नाव आलं, सुलाआजीचं मलम.

विट्याच्या भागातली माणसं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत. जत्रेला गावी आलेली माणसं डब्या घेऊन गेली, आणि डबी कुठं कोइमतूरला पोचली, कुठं आसामात. इंद्रजितनं आजीचे छोटे छोटे व्हिडिओ काढून सोडले. घरामागं पत्र्याची शेड उभी राहिली. वाडीतल्या बाया डब्या भरायला येऊ लागल्या. त्यांत बयाबाई होती. नवरा गेल्यापासून ती दुसऱ्यांच्या रानात खुरपत होती आणि गुडघ्यांमुळं तिला खाली बसवत नव्हतं. शेडमध्ये तिला खुर्चीवर बसून काम मिळालं. रोज सकाळी आली की ती आधी सुलाबाईच्या पाया पडायची. सुलाबाईला अवघडल्यासारखं व्हायचं, पण बयाबाई ऐकायची नाही.

सुलाबाईनं पहिल्याच दिवशी नातवाला बजावलं होतं की कोपराला लावून बघायचं सांगितल्याशिवाय डबी कुणाला द्यायची नाही. सुरुवातीला डबीबरोबर तशी सूचना असायची. पुढं नवं खोकं छापलं, त्यावर इतर पुष्कळ काही आलं आणि ती सूचना गळाली. सुलाबाईनं विचारलं तेव्हा इंद्रजित म्हणाला की पुढच्या वेळी घालू. पुढची वेळ आली नि गेली.

तिच्या हातांचं दुखणं उन्हाळ्यात सुरू झालं. आधी बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली. मग बारीक बारीक पाण्याचे फोड आले, फुटले, आणि कातडं कोरड्या तळ्यासारखं तडकलं. तिला वाटलं साबण बदलला म्हणून असेल. साबण सोडला. मग वाटलं कांदे निवडले म्हणून असेल. ती आपलंच मलम हाताला चोळायची, आणि सकाळी उठावं तर हात आणखी सुजलेले. डोळ्यांच्या पापण्याही फुगायला लागल्या. एका दिवशी भांड्यात पळी फिरवताना तिला आत्याचा कोपरापर्यंत सुजलेला हात आठवला. तिनं पळी ठेवली. पण बाया डब्या उघडून बसल्या होत्या आणि तेल तापलेलं होतं. तिनं परत पळी उचलली.

इंद्रजितची बायको सोनिया घरात सगळ्यात आधी ओळखायची कुणाला काय होतंय. तिनंच सुलाबाईला सांगलीला कातड्याच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. डॉक्टरीणबाईंनी हात उलटसुलट करून बघितले, काम काय करता विचारलं, आणि सोबत आणलेल्या डबीतला मलमाचा कण इतर दोन-चार गोष्टींबरोबर पट्टीखाली तिच्या पाठीला लावून दिला. दोन दिवसांनी पट्टी काढली तेव्हा एकच जागा लाल होऊन उठली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध खोटं नाही, पुष्कळांना गुण येत असेल. पण काही माणसांच्या अंगाला हा डिंक चालत नाही, आणि वर्षानुवर्षं हातात असला तर आधी चालणाऱ्यालाही चालेनासा होतो. एकदा अंगानं नको म्हटलं की ते सहसा परत हो म्हणत नाही. त्यांनी लावायला दुसरं औषध दिलं आणि ह्यापुढं डिंकाला, मेणाला हात लावायचा नाही असं बजावलं.

डॉक्टरीणबाईंच्या बोलण्यात सुलाबाईला नवं असं काही वाटलं नाही. बापानं एका वाक्यात सांगितलेलंच त्या सांगत होत्या. नवं एवढंच होतं की ते वाक्य आता तिच्यावर आलं होतं. ज्या वासात तिचं बाळपण गेलं, तो वास तिच्या अंगाला चालेनासा झाला होता.

परतताना गाडीत सोनिया सुलाबाईच्या शेजारी बसली. तासगाव मागं पडल्यावर म्हणाली, "आज्जी, ह्यांस्नी मी सांगते. पर भाईर कुठं बोलू नका. मलम करणारीचंच हात असं झाल्यालं कळलं तर डबी कोण घेणार? बयाबाईनं कुठं जायचं?"

सुलाबाईनं मान हलवली. सोनियाच्या बोलण्यात खोट नव्हती, हेच तिला जास्त लागलं. पोरगी लबाड असती तर तिच्यावर रागावता आलं असतं.

इंद्रजितला कळलं तेव्हा त्याचे डोळे भरले. त्यानं आजीचे हात हातात घेतले आणि त्या दिवसापासून तिचं पळी धरणं बंद केलं. ती लांब खुर्चीवर बसून वास घ्यायची आणि बयाबाईला सांगायची, आता काढ. पण व्हिडिओ थांबवता येत नव्हते. दारात येणारी माणसंही थांबत नव्हती. लांबलांबून येऊन ती म्हणायची, आजी, तुमच्या हातानंच लावा, म्हंजी गुण येतोय. मग इंद्रजितनं पांढरे रबरी हातमोजे आणले. बघणाऱ्यांना वाटलं, आजी आता किती स्वच्छतेनं काम करते. कौतुक झालं. रबराच्या आत घाम साचायचा आणि हात भाजल्यासारखे आग करायचे. हसा, आजी, असं मोबाईलच्या मागून कुणी म्हटलं की ती हसायची. शेळीची आठवण काढून हसायची. पुढं पुढं शेळीही उपयोगाला येईना.

तिला मेंढरांमागं जावंसं वाटायचं. सिद्धू आता वयानं फार लांब जात नव्हता, वाडीभोवतीच चारायचा. ती एकदा त्याच्याबरोबर निघाली, तर टेकाडाच्या खालीच एक गाडी थांबली आणि आतल्या बाईनं उतरून तिच्याबरोबर फोटो काढला. सिद्धू काठीला टेकून बघत उभा राहिला. तो मुळातच कमी बोलणारा. गाडी गेल्यावर म्हणाला, "आई, तू घरीच बस. मेंढरं बुजत्यात."

दिवाळीच्या आधी सांगलीत मोठं प्रदर्शन भरलं. इंद्रजितनं तिथं जागा घेतली. मागं आजीचा माणसाएवढा फोटो, पुढं डब्यांचे मनोरे, आणि मध्ये खुर्चीवर खरी सुलाबाई, लाल नऊवारीत, हातमोजे घालून. लोक आधी फोटो बघत, मग तिला बघत आणि आनंदून जात. दुपारपर्यंत तिच्या पाया इतकी माणसं पडली होती की तिला आपण देवळात बसलोय असं वाटायला लागलं. देवळातल्या दगडाला उठून जाता येत नाही, तसंच तिलाही येत नव्हतं.

दुपारी वाळवा भागातून दोघी सासवासुना आल्या. सासूचं नाव विजयमाला. चांगल्या बागाईतदार घरातली, दीर लष्करातून सुभेदार होऊन आलेला, हे तिनं आल्याआल्याच सांगितलं. सून क्रांती पदरानं तोंड झाकून मागं उभी होती. विजयमालाबाईंनी सुलाबाईला वाकून नमस्कार केला आणि सुनेला पुढं ओढलं.

क्रांतीनं पदर बाजूला केला. तिचे ओठ सुजून उलटे झाले होते. ओठांच्या कडेनं कातडं सोलून लाल पडलं होतं आणि त्यावर बारीक फोड उठले होते. हनुवटीपर्यंत तसंच. ओठ कोरडे पडून फुटले म्हणून तिनं मलम लावलं होतं.

"पयल्या दिवशी जरा चुरचुरलं," विजयमालाबाई सांगत होत्या. "हिला वाटलं, कमी लावलं म्हणून गुण न्हाई. मग दिवसातनं चार-पाच बार लावाय लागली. निम्मी डबी संपली बगा. आजी, ह्याच्याहून कडक काय हाय का तुमच्याकडं?"

त्या तक्रार घेऊन आल्या नव्हत्या. भांडायला आल्या असत्या तर सुलाबाईला सोपं गेलं असतं. क्रांती तर तिच्याकडं अशा भरवशानं बघत होती की जणू ओठ सुजले ह्यात चूक तिच्याच ओठांची आहे. बोलताना दुखतं म्हणून ती बोलत नव्हती. तिनं पिशवीतून डबी काढून पुढं केली. झाकणावर सुलाबाई हसत होती.

इंद्रजित पलीकडं दोन दुकानदारांशी बोलत होता. सोनिया डब्या रचता रचता थांबली. तिनं सुलाबाईकडं बघून मान अगदी थोडी हलवली. नको, अशी.

सुलाबाईनं उजव्या हाताचा मोजा ओढला. तो कातड्याला चिकटला होता, सहज निघेना. तिनं दातांनी बोटाचं टोक धरून ओढला. मग डावा काढला. दोन्ही हात तिनं क्रांतीपुढं धरले. बेचक्यांत चिरा पडल्या होत्या, कुठं रक्त वाळलं होतं, कुठं नवे फोड होते.

"पोरी, त्ये टाकून दे," ती म्हणाली. "माजंबी आसंच झालंय. ह्यानंच झालंय. तुला आन मला ह्ये मानवत न्हाई. आज दवाखान्यात जा, आन परत ह्या डबीला हात लावू नगंस."

विजयमालाबाई तिच्या हातांकडं बघतच राहिल्या. मागच्या दोन-तीन बायका पुढं सरकल्या. कुणीतरी विचारलं, मग हे औषध वाईट आहे का? सुलाबाई म्हणाली, वाईट न्हाई, पर समद्यांसाठी न्हाई. आदी कोपराला लावून बगायचं आस्तंय, दोन दिस थांबायचं. आमी सांगायला पायजे हुतं, सांगितलं न्हाई. तिचा आवाज चढला नाही. एका तरुणानं मोबाईल वर धरला होता, पण तिचं तिकडं लक्ष नव्हतं. ती क्रांतीकडं बघत होती. त्या सुजलेल्या तोंडावरचा भरवसा हळूहळू उतरत गेला आणि तिथं राग आला. तो राग बघून सुलाबाईला कितीतरी महिन्यांनी छातीतलं ओझं हलल्यासारखं वाटलं.

इंद्रजित गर्दीतून पुढं आला. त्यानं आजीला पाणी दिलं. मग क्रांतीला आणि विजयमालाबाईंना आपल्या गाडीतून त्याच डॉक्टरीणबाईंकडं नेऊन सोडलं. संध्याकाळी सगळे वाडीला परतले.

पुढचे काही आठवडे शेड जवळजवळ बंद होती. दुकानांतून डब्या परत आल्या. बाया घरी बसल्या. बयाबाई परत खुरपायला गेली. रस्त्यात सुलाबाई दिसली तर ती नमस्कार करायची, पण पूर्वीसारखी थांबायची नाही. सुलाबाईनं तिच्या घरी भाजी पाठवली, तर बयाबाईनं भांडं धुऊन, त्यात काही न घालता परत पाठवलं. वाडीत रिकामं भांडं परत करत नाहीत. सुलाबाईनं ते भांडं फळीवर ठेवलं. तिचे हात मात्र भरून येत होते. फोड गेले, चिरा मिटल्या, नवं कातडं लहान मुलासारखं गुलाबी निघालं.

क्रांतीचा फोन आला. ओठ बरे झाले होते. नीट बोलली, पण लांबूनच बोलल्यासारखी.

मग जे झालं ते कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. त्या तरुणानं काढलेला व्हिडिओ फिरत फिरत लाखो माणसांपर्यंत गेला. सुरुवातीला लोकांनी शिव्या घातल्या. पण हळूहळू वारं फिरलं. स्वतःचे हात दाखवून खरं सांगणारी म्हातारी लोकांना आवडली. जी आपल्याच मालाचा दोष सांगते तिचा माल चोखच असणार, असं लोक लिहू लागले. दुकानदारांचे फोन परत सुरू झाले. परत आलेल्या डब्या परत गेल्या आणि आणखी मागणी आली.

सुलाबाईनं इंद्रजितला समोर बसवलं. "माजा फोटू काड डबीवरनं," ती म्हणाली.

इंद्रजितनं मान खाली घातली. सूचना तर त्यानं आता झाकणावरच मोठ्या अक्षरांत छापली होती, पहिलीच ओळ. तोंडाला लावू नका, आधी कोपराला लावा, असं तो स्वतः सगळ्या दुकानदारांना सांगत होता. त्यातलं काही तो हातचं राखून करत नव्हता. पण फोटो हटवायला तो तयार होईना.

"आज्जे, लोक तुला बगून घेत्यात. फोटू काडला तर म्हणतील, आजीनं सोडलं ह्यांस्नी. मग शेडला कुलूपच लावायचं."

बयाबाई त्याच आठवड्यात कामावर परतली होती. खुर्चीवर बसून, गुडघे लांब करून, डब्या पुसत होती. पत्र्याच्या शेडमधून बायांच्या बोलण्याचा आवाज घरात येत होता. सुलाबाईनं तो ऐकला आणि हट्ट सोडला. फोटो राहिला.

आता सुलाबाई शेडमध्ये जात नाही. आत नुसता वास घेतला तरी तिच्या पापण्यांना खाज सुटते. आच कधी काढायची हे बयाबाई शिकली आहे. सुलाबाई अंगणात बाजेवर बसते, कारण येणाऱ्यांना ती दिसावी लागते. ती कुणाला मलम लावत नाही. आलेल्या माणसाला सोनिया कोपराला चिमूटभर लावते आणि दोन दिवसांनी या म्हणते. जवळचे परत येतात. सुलाबाई त्यांचा हात उन्हात धरून बघते. कातडं लाल असेल तर ती त्यांना तसंच माघारी पाठवते. ह्या एका कामात अजून तिचा जीव रमतो. लाल झालेला हात सापडला की तिला बरं वाटतं, आणि बरं वाटलं म्हणून लाजही वाटते.

परवा एक जण आला. विट्याचाच, पण सोनं गाळायचा धंदा मदुराईला. गावी घर बांधायला काढलंय म्हणून आला होता आणि थोडे दिवस राहणार होता. भट्टीपुढं बसून बसून त्याची बोटं भाजली होती. दोन दिवसांपूर्वी सोनियानं त्याच्या कोपराला लावलं होतं. आज बाही वर केली तर तिथं रुपयाएवढी जागा लाल होऊन फुगली होती.

सुलाबाई म्हणाली, "दादा, तुमास्नी ह्ये चालणार न्हाई. दवाखान्यातलं औषध घ्या."

तो हसला. थोडं लाल झालं म्हणून काय, म्हणाला. त्यानं तो व्हिडिओ तिकडं मदुराईत बघितला होता, दुकानातल्या सगळ्यांना दाखवला होता. "आजी, तुमी खरं बोलता म्हणूनच आलो मी. आता मोकळ्या हातानं कसा जाऊ?"

सुलाबाईनं परत समजावलं. सोनियानंही डबी द्यायला साफ नकार दिला, आणि शेडच्या दारात उभ्या असलेल्या इंद्रजितनं मान हलवून तिला साथ दिली. तो माणूस रागावला नाही. उलट त्याच्या डोळ्यांत आदर आणखी वाढला.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "विट्यात स्टँडवरच्या दुकानात हाय की. तितनं घेतो."

त्यानं वाकून सुलाबाईच्या पायांना हात लावला, तो कपाळाला लावला आणि मोटारसायकलवर बसून गेला. सुलाबाई त्याला थांबवायला बाजेवरून उठली होती. ती फाटकापर्यंत गेली आणि तिथंच राहिली. रस्त्यावर धूळ खाली बसत होती. सोनियानं मागून हाक मारली की आज्जी, दुसरी बाई आलीय, हात बघायचा हाय. सुलाबाई वळली, बाजेवर येऊन बसली, आणि त्या बाईला म्हणाली, "उनाकडं कर गं हात."